मिस्टरांनी गाळलेली पानं

अक्षरं गेली

मला वाटलं यंत्र बिघडलं.

भोरच्या बाजारपेठेत माझं मेडिकल आहे. दुपारी जेवणाच्या वेळेला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी काउंटरमागे स्टुलावर बसून वाचायचे. माझी मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरीला लागली, तेव्हा तिनं मला पुस्तकं वाचायचं यंत्र घेऊन दिलं होतं. लहान मुलाच्या पाटीसारखं दिसतं, म्हणून घरात सगळे त्याला पाटीच म्हणतात. काउंटरवर जाडजूड पुस्तक उघडून बसलं की लोकांना वाटतं बाईचं दुकानात लक्ष नाही. पाटी बिलबुकाशेजारी ठेवली की कुणाच्या नजरेत येत नाही. त्या पाटीवर मी चार-पाच वर्षांत जेवढं वाचलं, तेवढं त्याआधीच्या अख्ख्या संसारात वाचलं नव्हतं.

त्या दिवशी एक कादंबरी अर्ध्यावर आली होती. तालुक्याच्या गावात खानावळ चालवणाऱ्या यशोदा नावाच्या बाईची गोष्ट. एकजण खोकल्याचं औषध घ्यायला आला, मी उठून दिलं, परत येऊन बसले आणि पाटीवर बघितलं, तर अक्षरं लागेनात.

होती सगळी. काळी, ठळक, ओळीत. पण बेळगावकडं गेल्यावर कानडी पाट्या दिसतात ना, तशी. दिसतात स्पष्ट, कळत काही नाही.

मला काय झालं असेल? भीती? छे. मला राग आला. ह्या यंत्रांवर मराठी अक्षरं मोडण्याचे प्रकार मी आधी पाहिले होते. कधी वेलांटी भलतीकडं, कधी जोडाक्षर तुटलेलं. कंपनीवाल्यांनी परत काहीतरी अपडेट सोडलं आणि आमच्या मराठीची वाट लावली, असं म्हणत मी पाटी बंद केली, चालू केली. तेच. मोबाईलवर ऋतुजाचा फोटो दाबून तिला फोन लावला.

"तुझ्या त्या यंत्रानं अक्षरं खाल्ली बघ."

"आई, सेटिंगमध्ये जा. तिथं भाषा असं लिहिलेलं असेल, ते दाब."

"लिहिलेलं असेल म्हणजे काय? तेच तर लागत नाही मला!"

"मी मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बघू."

मी चिडून फोन ठेवला. तेवढ्यात एक बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. भोरमधल्या झाडून सगळ्या डॉक्टरांचं अक्षर मला लागतं. इतर मेडिकलवाले अडले की माझ्याकडं चिठ्ठ्या पाठवतात. ही चिठ्ठी मी उलटी केली, सुलटी केली. मग मागं वळून कपाटाकडं बघितलं.

भिंतभर औषधांची खोकी. रंग ओळखीचे, जागा ओळखीच्या. एकाही खोक्यावरचं नाव मला वाचता येईना.

यंत्र बिघडलं नव्हतं.

नंबर वाढला असेल

शटर अर्धं ओढून मी दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका दवाखान्यात गेले. जाताना उजवा खांदा शटरला आपटला. असं कधी होत नाही, पण तेव्हा लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, थोडं जास्त निघालं. डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाले, "नंबर वाढला असेल, मॅडम. सारखं त्या स्क्रीनवर असता. चष्मा बदलून घ्या."

मी म्हटलं, "बाहेरचा बोर्ड केवढा मोठा आहे, तो तरी वाचता यायला पाहिजे ना? अक्षर दिसतंय हो मला. कळत नाहीये."

ते हसले. "टेन्शन घेऊ नका. घरी जाऊन झोप काढा."

पन्नाशीतल्या बाईला काहीही होऊ दे, तिला टेन्शनच असतं. हे वाक्य माझ्या मेडिकलमध्ये येणाऱ्या शेकडो बायकांनी मला सांगितलंय आणि मी त्यांना टेन्शनच्या गोळ्या बांधून दिल्यात. आता माझी पाळी होती. मी घरी गेले आणि खरंच झोपले. सगळी दुपार.

आज कुणी विचारलं की सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर त्या झोपेचा. नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी फाईल बघत सहज म्हटलं, "लवकर आला असतात तर बराच फरक पडला असता." सहज. जसं एसटी चुकलेल्या माणसाला सांगावं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. अचानक अक्षरं लागेनाशी झाली, बोलणं अडखळलं, एका बाजूचं दिसेनासं झालं, तर मोबाईलला शिव्या घालत बसू नका. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. झोपू तर अजिबात नका. मेंदूचा इलाज होतो अशा मोठ्या दवाखान्यात त्याच पावली जा. कुणी हसलं तर हसू द्या.

संध्याकाळी माझे मिस्टर, संपतराव, दुकानातून आले. त्यांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. आम्ही जेवायला बसलो. ते माझ्या ताटाकडं बघत राहिले.

"आगं, उजवीकडचा भात तसाच ऱ्हायलाय की."

"कुठाय भात? संपला."

त्यांनी माझं ताट फिरवलं. भात दिसला. उजव्या अंगाला ठेवलेलं मला दिसतच नव्हतं.

हात न धुताच त्यांनी शेजाऱ्यांची गाडी मागितली आणि पुण्याची वाट धरली. कापूरहोळ गेलं, टोलनाका गेला, कात्रजचा बोगदा गेला, तोवर ते एक शब्द बोलले नाहीत. मीच बोलत होते. मी त्यांना सांगत होते की उगाच खर्चात पडताय, नंबर वाढला असेल.

परत एकदा लिहा बरं

रक्ताची गुठळी मेंदूत डाव्या बाजूला, मागच्या अंगाला अडकली होती. एवढंच सांगते, बाकीचं डॉक्टर सांगतील.

वॉर्डात पहाटेपासून वर्दळ. ताप बघायला एक, रक्त घ्यायला दुसरा, चहा घेऊन तिसरी. गोळ्या छोट्या वाटीत यायच्या. जिनं वीस वर्षं गावाला गोळ्या दिल्या, तिला स्वतःच्या गोळ्या ओळखता येईनात. मी प्रत्येक वेळी नाव विचारायचे आणि बहुतेक सिस्टर म्हणायच्या, "दिलंय ते घ्या हो काकू." एक सिस्टर मात्र न विचारता पाकीट हातात धरून नाव सांगायची, पॉवर सांगायची, मग गोळी द्यायची. त्या वॉर्डात मला माणूस समजणारी पहिली ती. तिची ड्युटी संपली की मला दिवस संपल्यासारखं वाटायचं.

आणि मग ते शिकाऊ डॉक्टरांचं टोळकं.

पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला कागद-पेन दिलं. "तुमचं नाव-गाव लिहा." मी लिहिलं, माझं नाव शैलजा, मी भोरला राहते. हात सराईत चालला. त्यांनी कागद घेतला, परत माझ्यासमोर धरला.

"आता वाचा."

मला येईना. माझं स्वतःचं, आत्ता लिहिलेलं अक्षर. लिहिता येतं, वाचता येत नाही, असा तो प्रकार होता. मागं उभी पोरं-पोरी एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी इंग्रजीत म्हणालं की हे फार दुर्मिळ आहे. माझ्या पायाखालची जमीन सरकत होती आणि ते मोबाईल काढून माझ्या कागदाचे फोटो घेत होते.

दुसऱ्या दिवशी नवीन टोळकं. "मॅडम, परत एकदा लिहा बरं." तिसऱ्या दिवशी आणखी नवीन. "परत एकदा." माझ्या अडाणीपणाचा खेळ लागला होता आणि तिकीट कुणालाच नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी मी कागद मागून घेतला आणि चांगलं ठळक लिहिलं, "मी सर्कशीतली नाही. बाहेर व्हा." मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आज तुम्ही वाचा."

त्यांनी वाचलं. मोठ्यानं नाही, मनात. मग पोरांना बाहेर पाठवलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसले. म्हणाले, "तुमची बुद्धी शाबूत आहे, भाषा शाबूत आहे. डोळ्यांपासून भाषेपर्यंत जायचा रस्ता तुटलाय. थोडाफार दुरुस्त होईल. किती, ते मला सांगता येत नाही."

ही एवढी चार वाक्यं पहिल्याच दिवशी सांगितली असती, तर काय बिघडलं असतं?

रगा शिणल्या

घरी आले तर बघायला येणाऱ्यांची रांग. निम्मे लोक माझ्याशी ओरडून बोलायचे. मला ऐकू येतं! उरलेले माझ्यासमोर मिस्टरांना विचारायचे, "ओळखतात का वहिनी?" शेजारणीनं तिच्या नातवाचं बालवाडीचं पुस्तक आणून दिलं. अ अननसाचा. मी अननस ओळखला, अ नाही. ती टाळ्या वाजवून म्हणाली, "जमलं की!"

माझ्या थोरल्या नणंदबाई हिर्डोशीहून आल्या. येताना नाचणीचं पीठ आणि घरच्या तांदळाची पिशवी घेऊन आल्या, घाटातनं एसटी नाही म्हणून अर्धी वाट चालत. माया आहेच त्यांची. पण उंबऱ्यातच सुरू झाल्या.

"रातंदिस त्या पाटीत डोळं घालून बसायची. मेंदूच्या रगा शिणल्या न्हाईत तर काय व्हईल?"

मी म्हटलं, "वन्सं, तसं काही नसतं. गुठळी कुणालाही होते."

"आमाला न्हाई झाली ती? आमी कुठं वाचितो?" असं म्हणून त्यांनी पाटी उचलली आणि लोखंडी कपाटाच्या वर, पार मागं सारून ठेवली. जणू पोराच्या हातातली कात्री काढून घेतली.

त्या गेल्यावर मी रडले नाही. भांडी आदळली. तीही उजव्या हाताची दिसली नाहीत म्हणून दोन फुटली.

ऋतुजाचं वेगळंच. ती रोज फोनवर रडायची. "मी संध्याकाळी बघू म्हणाले गं आई. मला कळायला पाहिजे होतं." मी तिच्यावरही चिडले. तुझ्या रडण्याचं मी काय करू? इथं मला माझंच आवरत नाही, त्यात तुझी समजूत काढू? फोन ठेवल्यावर वाईट वाटायचं. पण तिला बरं वाटावं म्हणून गोड बोलायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती, हे खरं आहे. आजारी माणसानं सगळ्यांना धीर द्यायचा, ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे.

मेडिकल बंद होतं. विकून टाका, असं सांगणारे तर तिसऱ्या दिवसापासून येत होते.

स्क्रीनवर काय आलंय?

शनिवारी ऋतुजा आली आणि माझ्या मोबाईलवर वाचून दाखवणारं एक ॲप टाकून दिलं. मी बोटानं स्क्रीनवर लिहायचं, ते मला मोठ्यानं वाचून दाखवतं. आवाज बाईचा, पण जेवण न झालेल्या बाईचा. स्वल्पविरामाला थांबत नाही, "डॉ." आलं की "डो" म्हणते. तरी त्यातून मी लिहिलेलं पहिलं वाक्य मला परत ऐकू आलं, तेव्हा मी मोबाईल छातीशी धरला. हे सगळं मी तसंच लिहिलंय. लिहायचं, ऐकायचं, चुकलं की पुसायचं.

आता माझी पुस्तकं ऐकायची, असं ठरवलं. पाटीवर माझी विकत घेतलेली ढीगभर पुस्तकं होती. त्यात यशोदाही अर्ध्यावर थांबली होती. ऋतुजानं खटपट केली तर कळलं, निम्म्याहून जास्त मराठी पुस्तकांना आवाजाची परवानगीच नाही. कुलूप. पुस्तक मी घेतलंय, यंत्र माझं, कान माझे, आणि ऐकायला बंदी!

ऋतुजा पुण्याला परत गेल्यावर मी पाटीच्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. अर्धा तास संगीत. मग एक मुलगा हिंदीत बोलायला लागला. मी सगळी हकिगत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "ठीक है मॅडम. स्क्रीनवर काय लिहून आलंय, ते मला वाचून दाखवा."

"अहो, मला वाचता येत नाही. तेच सांगतेय इतका वेळ."

"घरात दुसरं कुणी शिकलेलं नाही का?"

"मी शिकलेली आहे! मला आजार झालाय."

 तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, वाचता येत नाही तर आपण एवढी पुस्तकं कशासाठी घेतलीत?"

मी मराठीत जे बोलले, ते त्याला कळलं नसेल अशी आशा आहे.

आंधळ्या माणसांचं हे रोजचंच असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. पन्नास वर्षं सुचलं नव्हतं.

पान अडकलंय

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मिस्टर स्टुलावर चढले, कपाटावरून पाटी काढली, धूळ पुसली आणि माझ्यासमोर बसले.

"कुठवर आलीवतीस?"

मी बघत राहिले. लग्नाला तीस वर्षं होत आली, ह्या माणसाच्या हातात मी पुस्तक पाहिलं नव्हतं. पेपर घेतात तो बाजारभाव बघायला. वायरी गुंडाळून बोटं इतकी राठ झालीत की पाटीला त्यांचं बोट कळेचना. तीन-चार वेळा दाबल्यावर पान उलटायचं. त्यांनी अक्षर एवढं मोठं केलं की एका ओळीत तीन शब्द मावायचे. मग वाचायला लागले.

काय सांगू! एसटीच्या पाट्या वाचल्यासारखं. पूर्णविराम नाही, प्रश्न नाही, सगळं एका सुरात. मी चिडून म्हणायचे, "अहो, ती विचारतेय त्याला. प्रश्न आहे तो." मग ते मागं जाऊन परत वाचायचे, आणि ह्या वेळी प्रत्येक वाक्याला प्रश्न करायचे.

पण रोज बसायचे. दुकानाचं शटर लावून दुपारी यायचे, साबणानं हात घासायचे आणि बसायचे. हळूहळू त्यांना यशोदाबद्दल मतं व्हायला लागली. "ह्यो तिचा भाऊ लई डांबरट हाय." "खानावळीत उधारी दिलीच कशाला हिनं?" मी काही दिवस आजार विसरले म्हटलं तर खोटं होईल. पण दुपारची वाट बघायला लागले, हे खरं.

मग एका दुपारी वाचता वाचता ते थांबले आणि भराभर बोट मारायला लागले.

"काय झालं?"

"पान अडकलंय."

दुसऱ्या दिवशी आले ते थेट शेवटाला. "आन् यशोदाची खानावळ लई मोठी झाली. सगळी सुखानं ऱ्हाऊ लागली. संपलं."

"असं कसं संपलं? भावाचं काय झालं? आणि तिची छाती भरून येत होती, त्याचं काय?"

"मला काय इचारती? लिवणाऱ्याला कटाळा आला आसंल."

मी त्या लेखकावर कित्येक दिवस चिडून होते. इतकी चांगली बाई उभी केली आणि शेवटी बोळवण केली, म्हणून.

दुसऱ्या तोंडून

त्याला बरेच महिने झाले. मेडिकल मी विकलं नाही. एक फार्मासिस्ट मुलगी ठेवली, ती नावं वाचते, मी सल्ला देते, गिऱ्हाईक सांभाळते. रोज सकाळी अक्षरांचा सराव करते. एकेक अक्षर बोटानं गिरवलं की हाताला आधी कळतं आणि मग मला. एक ओळ वाचायला चहा गार होईपर्यंतचा वेळ लागतो. एवढंच दुरुस्त झालंय, कदाचित एवढंच होईल.

अशातच ऋतुजाला पुस्तकं ऐकायच्या दुसऱ्या एका ॲपवर तीच कादंबरी सापडली. यंत्राच्या आवाजात नाही, एका खऱ्या बाईनं वाचलेली, बिनकुलुपाची. मी काउंटरवर बसून कानात वायर घालून ऐकत होते. शेवट एवढा वाईट का केलाय ते नीट ऐकू, म्हणून.

तर शेवट आलाच नाही. मिस्टर जिथं थांबले होते, त्याच्या पुढं गोष्ट चालूच राहिली. यशोदा चुलीपुढं कोसळली. तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. तिचा नवरा, ज्याला भात वाढण्यापलीकडं काही येत नव्हतं, तो दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या चपला पिशवीत घेऊन बसला. मग आतून बाई आली आणि म्हणाली, ती गेली.

मी कानातली वायर ओढून काढली. पान अडकलं नव्हतं.

फार्मासिस्ट मुलीला दुकान सांभाळायला सांगितलं, पाटी पर्समध्ये होती ती तशीच घेतली आणि मिस्टरांच्या दुकानात गेले. दारात एक मोटार ठेवली होती उजवीकडं, तिला पाय आपटला. आत वेल्ह्याच्या बाजूचे एक आजोबा जळलेला पंप घेऊन बसले होते. मिस्टर तांब्याची तार गुंडाळत होते.

"किती पानं गाळलीत?" मी विचारलं.

"कसली पानं?"

"यशोदाची. पान अडकलंय म्हणालात ना? कुठं अडकलं होतं?"

त्यांचा हात थांबला. आजोबा आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागले.

"मेंदूचा एक कोपरा गेलाय माझा," मी म्हटलं, आणि माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "अक्कल नाही गेली! डॉक्टर म्हणतो टेन्शन आहे. वन्सं म्हणतात वाचू नको. शेजारीण मला अननस दाखवते. सगळ्यांनी मला बालवाडीत बसवलं. तुम्ही तरी खरं वाचत असाल असं वाटलं होतं. तुम्ही तर माझं पुस्तकच बदललंत! मला काय ऐकू द्यायचं, काय नाही, हे तुम्ही कोण ठरवणार? यशोदा मेली, हे मला कळलं असतं तर मी काय लगेच मरणार होते?"

"मेली?" मिस्टर म्हणाले.

 त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मेली व्हय?" त्यांनी परत विचारलं. तार त्यांच्या हातातून सुटून उलगडत खाली गेली. "मला वाटलं वाचंल."

"तुम्ही वाचलं नाहीत पुढं?"

"न्हाई."

"का?"

त्यांनी सुटलेली तार गोळा केली. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "त्यो तिच्या चपला घिऊन भायेर बसतो, तितवर वाचलं म्या. हितं दुकानात, येकट्यानं. तू ऐकायच्या आदी बघावं म्हनलं. पुढं मला वाचवंना. तुझ्यासाटी न्हाई गाळली गं. म्या बी बसलो हुतो तसाच. तुला आत नेलं तवा तुझ्या चपला माझ्या हातात दिल्या त्यांनी."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"कागद आनला म्होरं," ते म्हणाले. "सही करा म्हनले. काय लिवलंय ते वाचाया गेलो, तर अक्षरच ठरंना डोळ्यांम्होरं. मला तर येतं की वाचाय. तरी यीना. तशीच केली सही."

माझा राग तिथंच विरघळला असं लिहायला छान वाटलं असतं. तसं काही झालं नाही. राग होताच. उलट आणखी एक वाढला, की इतके महिने हा माणूस हे एकटा पोटात घेऊन फिरला आणि मला वाटत राहिलं की आजार फक्त मला झालाय.

"मग तसं सांगायचं होतं," मी म्हटलं. "वाचवत नाही म्हणायचं. पान अडकलंय म्हणून काय सांगता?"

"चुकलं माझं."

"नुसतं चुकलं म्हणून चालणार नाही. वाचा आता." मी पर्समधून पाटी काढून त्यांच्यापुढं धरली. "माझ्यासमोर वाचा. सगळं."

त्यांनी गिऱ्हाइकाकडं बघितलं. आजोबा पंपावर टेकून बसले होते, उठायचं नाव नव्हतं. मग मिस्टर मागच्या नळावर गेले, साबणानं हात धुऊन आले आणि पान शोधायला लागले.

ते वाचत होते तेव्हा रस्त्यानं टेम्पो जात होते, शेजारच्या दुकानात कुणीतरी पाइप कापत होतं. यशोदा कोसळली. बैलगाडी निघाली. व्हरांड्यातल्या नवऱ्यापाशी आल्यावर ते अडकले. मी मदत केली नाही. पाणी पिऊन त्यांनी तेच वाक्य परत पहिल्यापासून वाचलं. ह्या वेळी पूर्णविरामाला थांबले. मग आतून बाई आली आणि म्हणाली, ती गेली.

मिस्टरांनी पाटी मांडीवर ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

आजोबा पंपावर बसल्या बसल्या म्हणाले, "मंग खानावळ कुनी चालिवली?"

मिस्टर पाटीची काच बाहीला पुसायला लागले.

"आरं, इचारतोय म्या. तिच्या जिवावर जेवनारी मान्सं हुती की. त्यांचं पुढं काय?"

"पुढं वाचलं न्हाई अजून," मिस्टर म्हणाले. "तुमची मोटार..."

"मोटारीचं बघू उद्या. पानी काय पळून चाललंय?"

मी अजून चिडलेलीच होते. पण वायर मीही तिथंच ओढून काढली होती, आणि मलाही नेमकं तेच विचारायचं होतं. एक रिकामं खोकं ओढून मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, म्हणजे ते मला दिसतील.

"वाचा," मी म्हटलं.

मिस्टरांनी बोट पँटला पुसलं आणि पान उलटलं.